शेठ म्हणतात मार्चपर्यंत पाच नवीन प्रॉडक्ट काढा, इनोव्हेशनचं टार्गेट नक्की ठरवायचं कसं?

अंबडचा_डिझाईनर

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका घरच्या मालकीच्या कंपनीत डिझाईनला आहे. आमचं मेन काम म्हणजे द्राक्षबागेचे ट्रॅक्टरवरचे ब्लोअर (हवेच्या झोताने औषध फवारणारं मशीन), जोडीला थोडं जॉबवर्क. शेठ मुंबईला कुठल्यातरी सेमिनारला जाऊन आले आणि आल्या आल्या मीटिंग लावली, म्हणे आता आपणही इनोव्हेशन करायचं, पुढच्या मार्चपर्यंत पाच नवीन प्रॉडक्ट पाहिजेत. पाचच का, तर तिथल्या वक्त्याने सांगितलं की टार्गेट आकड्यात असावं.

तेव्हापासून रोज नवीन धिंगाणा. सेल्सवाले म्हणतात ड्रोन काढू. शेठचा मुलगा पुण्याहून शिकून आलाय, त्याला मोबाईल ॲपवरून चालणारा ब्लोअर पाहिजे. प्रॉडक्शनचे काका म्हणतात आधी आहे त्या गिअरबॉक्सची ऑईल गळती थांबवा मग काय ते इनोव्हेशन करा (मला मनातून पटतं ते). आणि एका पानावर 'ध्येय आणि दिशा' लिहून आणायचं काम माझ्या गळ्यात आलंय.

टीम म्हणाल तर मी, एक ज्युनियर पोरगा आणि टूलरूमचा माणूस, तोही अर्धा वेळ. पाच प्रॉडक्ट सोडा, एक धड झालं तरी गंगेत घोडं न्हालं. पण शेठला नुसतं 'नाही' सांगून चालणार नाही, पर्याय द्यावा लागेल. तुमच्याकडे हे कसं ठरवतात? आकडा द्यायचा तर कसला द्यायचा?

सातपूर_शॉपफ्लोअर

पाच पाहिजेत म्हटलं की लोक पाच देतात हो, ती अडचण नाहीये. ४०० लिटरची टाकी ५०० ची करतील, पंखा दोन इंच वाढवतील, निळ्याचा लाल रंग करतील, एक मॉडेल 'प्लस' एक 'गोल्ड', झाले पाच. शेठ खुश, फोटो काढले, स्टोअरमधे मात्र स्पेअरचे दीडशे नवीन कोड आणि सर्व्हिसवाल्याच्या डोक्याला ताप. एक ना धड भाराभर चिंध्या.

दिशा असली की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच सातपूरचं घ्या. इथे डिझेल इंजेक्शनच्या कामावर कितीतरी युनिटं जगतात. सरकारने २०१६ मधे सांगून टाकलं की गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-५ गाळून एप्रिल २०२० पासून सरळ बीएस-६. डिझेल कारचा नॉक्स (धुरातले नायट्रोजन ऑक्साईड) किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणायचा, डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर. तारीख पक्की, आकडा पक्का, कुठल्या गोष्टीचा आकडा तेही पक्कं. किती नवीन प्रॉडक्ट काढायचे ते कोणी सांगितलंच नाही, तरी कंपन्यांनी इंजेक्टरपासून सायलेन्सरपर्यंत सगळं बदललं, आणि त्यांच्यामागे आमच्यासारख्या सप्लायरांनाही मशीन, गेज, क्लीनरूम सगळं करावं लागलं. कटकट भयंकर झाली पण कोणी कुठे पळायचं यावर वाद नव्हता.

तुमच्या धंद्यात असा नियम वरून आलेला नाही म्हणून तो तुम्हालाच लिहायचाय. काय मोजणार, आज ते किती आहे, किती करायचंय, कधीपर्यंत. प्रॉडक्टची संख्या त्यात कुठेच येत नाही.

गंगापूररोड_एमबीए

याच्यासाठी रेडीमेड फ्रेमवर्क आहेत. सगळ्यात जुनं म्हणजे अँसॉफचा १९५७ चा चौकोन, जुनं प्रॉडक्ट-नवीन प्रॉडक्ट एका बाजूला, जुनं मार्केट-नवीन मार्केट दुसऱ्या बाजूला. तुमचे सगळे आयडिया त्या चार खान्यात टाका. ड्रोन म्हणजे नवीन प्रॉडक्ट जुनं मार्केट, तोच ब्लोअर डाळिंबाला विकणं म्हणजे जुनं प्रॉडक्ट नवीन मार्केट. मग ७०-२०-१० लावा, म्हणजे ७० टक्के पैसा आणि वेळ आहे त्या प्रॉडक्टवर, २० टक्के शेजारच्या मार्केटवर, १० टक्के एकदम नव्यावर. शेठना स्लाईडवर दाखवायला पण बरं पडतं.

सातपूर_शॉपफ्लोअर

@गंगापूररोड_एमबीए अडीच माणसांचे १० टक्के म्हणजे आठवड्याला एक माणूस सव्वा दिवस. त्यात तो ड्रोन बनवणार का त्याचं कोटेशन मागवणार? हे गुणोत्तर हजार माणसांच्या कंपनीला ठीक आहे.

गंगापूररोड_एमबीए

मान्य, आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण मुद्दा एवढाच की गिअरबॉक्सची गळती आणि ड्रोन एकाच यादीत टाकून भांडू नका, दोन्हींचे पैसे आणि माणसं आधी वेगळी काढा. नाहीतर रोजची आग विझवण्यातच वर्ष जातं, नवीन काम कायम 'पुढच्या महिन्यात'.

निफाडचा_बागायतदार

मी कंपनीवाला नाही, ब्लोअर वापरणारा माणूस. लेक हे दाखवत होता म्हणून लिहितो.

तुम्ही मंडळी ड्रोन, ॲप, टाकी बोलताय. आम्हाला काय नडतं ते कोणी विचारलंच नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंग्यापासून (नवा कोंब) दोड्यापर्यंत (फुलोऱ्याआधीचा घड) डाऊनीची, म्हणजे केवड्या रोगाची भीती असते. त्यात पाऊस आला की औषध लगेच मारावं लागतं, दुसरा दिवस उजाडून चालत नाही. अन् नेमकं तेव्हाच रान ओलं, चिखल, काळ्या मातीत ट्रॅक्टरची मागची चाकं रुतून बसतात. ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो झालं की नाही, वर मशीनचं लोखंड. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवा, शेडमधे ब्लोअर उभा अन् आम्ही खांद्यावर नळ्या घेऊन चिखलात, मजूर मिळेना. डोळ्यादेखत बाग गेली कितीकांची. त्या टायमाला माझ्या मोबाईलवर ॲप असतं तर मी त्याचं काय केलं असतं सांगा.

दुसरं, डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या अंगाला फुटते. वरून नुसतं पान ओलं दिसून उपयोग नाही, हवेनं पान उलटलं पाहिजे अन् औषध खाली बसलं पाहिजे. ड्रोन वरून मारतो, वाय पद्धतीच्या मांडवात खालपर्यंत किती जातं ते मला तरी शंकाच आहे, ऊस-सोयाबीनला चालत असंल.

पाऊस पडून गेल्यावर बागेत जाईल असं मशीन काढा, पैसे आम्ही देतो.

अंबडचा_डिझाईनर

काका, तुमच्या एका पोस्टने आमच्या सगळ्या मीटिंगा एका बाजूला गेल्या. खरं सांगतो, 'ओल्या रानात जाणं' हा शब्द आमच्या कुठल्याच यादीत नव्हता. आमच्या सर्व्हिस रजिस्टरला नोंदी असतात त्या पंप, नोझल, गिअरबॉक्सच्या. मशीन शेडमधे उभं राहिलं ही तक्रार कोणी सर्व्हिसला फोन करून देतच नाही ना.

आता प्रश्न असा की हे टार्गेट म्हणून लिहायचं कसं? 'हलकं मशीन' लिहिलं तर शेठ म्हणणार किती हलकं, आणि सेल्सवाले म्हणणार टाकी लहान केली तर भरायला फेऱ्या वाढतात, शेतकरी घेणार नाही.

सिन्नर_आरअँडडी

मी सिन्नरला एका कंपनीत डेव्हलपमेंट बघते, शेतीचं मशीन नाही पण प्रश्न तोच. 'हलकं मशीन' हे टार्गेट नाही, तो एक उपाय झाला. टार्गेट वापरणाऱ्याच्या बाजूने लिहा, उपाय मोकळा ठेवा. म्हणजे असं की 'इतके मिलिमीटर पाऊस झाल्यावर इतक्या तासांत काळ्या मातीच्या बागेत न फसता एक एकर फवारणी पूर्ण व्हावी आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध आज जितकं बसतं त्यापेक्षा कमी बसू नये'. मग ते टाकी लहान करून होईल, चाकं रुंद करून होईल, एकरी पाणी कमी लागेल असे थेंब बारीक करून होईल, नाहीतर टाकी बांधावर ठेवून नुसता पाईप आत ओढून होईल. कुठला रस्ता ते तुमच्या टीमला ठरवू द्या. शेठनी लिटर-किलो आधीच ठरवून दिले की डिझाईनरचं डोकं बंद पडतं.

खालच्या बाजूचं मोजमाप अवघड नाही. पिवळा वॉटर सेन्सिटिव्ह पेपर मिळतो, थेंब पडला की तिथे निळा डाग येतो. पानाच्या खाली, वर, मांडवाच्या आत अशा जागी क्लिप लावा, पाण्याची फवारणी मारा, कागद स्कॅन करा, किती टक्के निळं झालं बघा. आधी आजच्या मशीनचं मोजा. बहुतेक कंपन्या हीच पायरी गाळतात, मग वर्षाअखेरीला सुधारणा झाली का नाही यावर नुसती वादावादी.

आणि मार्च विसरा. तुमचं कॅलेंडर बागेचं आहे, बॅलन्सशीटचं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ट्रायलला प्रोटोटाईप तयार नसेल तर सरळ एक वर्ष गेलं, मार्चमधे कितीही पळापळ करा. पण एक सवलत आहे. सटाणा-देवळा पट्ट्यात अर्ली द्राक्ष करतात, तिकडे छाटण्या जून-जुलैपासूनच सुरू होतात आणि त्यांच्या वेली ऐन पावसाळ्यातच फुटतात. म्हणजे ओल्या रानाची ट्रायल तुम्हाला तिथे आधीच मिळते, चुकलेलं सुधारून परत निफाड-दिंडोरीच्या ऑक्टोबर छाटणीला उतरता येतं. एका वर्षात दोन संधी. या दोन तारखा पानावर सगळ्यात वर लिहा.

अजून एक, थांबायचं कधी तेही आत्ताच लिहून ठेवा. सटाण्याच्या ट्रायलमधे खालच्या पानावर अमुक टक्क्यापेक्षा कमी बसलं तर तो रस्ता बंद, दुसरा घ्यायचा. पैसा आणि जीव गुंतल्यावर कोणी स्वतःच्या मशीनला नापास करत नाही, शेठ तर नाहीच नाही.

पंचवटी_पार्सल

शेठना सांगा पाच नवीन प्रॉडक्ट म्हणजे पाच नवीन जीएसटी कोड, आपोआप शांत होतील 😄

जुना_सप्लायर

आकड्याच्या टार्गेटवर थोडं. थ्रीएम कंपनीचं उदाहरण सगळे देतात. त्यांच्याकडे आधी असं होतं की विक्रीचा २५ टक्के हिस्सा मागच्या पाच वर्षांत आलेल्या प्रॉडक्टमधून यावा, नव्वदच्या दशकात ते ३० टक्के आणि चार वर्षं केलं. हा आकडा 'किती काढले' यापेक्षा चांगला, कारण गिऱ्हाईकाने पैसे दिले तरच मोजला जातो. पण त्यातही 'नवीन' कशाला म्हणायचं हे आधी ठरवलं नाही तर लाल रंगाचा ब्लोअर नवीनच धरला जातो. शिवाय त्यांच्याकडे हजारो प्रॉडक्ट, तुमच्याकडे चार-पाच मॉडेल, एक मॉडेल चाललं की ६० टक्के, नाही चाललं की शून्य. तुम्हाला हा आकडा दिशा दाखवणार नाही, फार तर दोन-तीन वर्षांनी मागे वळून बघायला ठीक.

एकच आकडा धरून बसलं की काय होतं ते नॅनोत दिसलं. एक लाखाचं टार्गेट इंजिनिअरिंगला जबरदस्त होतं, गाडी २००९ ला बाजारात आलीही. पण गिऱ्हाईकाच्या मनात 'सगळ्यात स्वस्त गाडी' एवढंच बसलं आणि स्वस्त गाडी दारात उभी करायला लोक लाजले. किंमत ठरवली, घेणाऱ्याला कसं वाटेल ते राहिलं, असं माझं मत.

आणि आपल्याच गावची स्कॉर्पिओ बघा, २००२ साली आली, नाशिकच्या प्लांटमधे बनली. तेव्हा महिंद्रा म्हणजे जीप आणि खेड्यापाड्यातली वडाप. त्यांनी दिशा धरली ती शहरातल्या कार घेणाऱ्याची, म्हणजे एसयूव्हीचा रुबाब पण आतून कारसारखी आणि किंमत मधल्या कारच्या आसपास. डेव्हलपमेंटचा खर्च साडेपाचशे कोटींच्या आसपास सांगतात, मोठ्या परदेशी कंपन्यांच्या मानाने फारच कमी, कारण मोठमोठ्या सिस्टीमचं डिझाईन सप्लायरकडेच दिलं, स्वतःकडे थोडी माणसं ठेवली. तुमच्या अडीच माणसांना यातलं घेण्यासारखं हे आहे की पंप, नोझल, पंखा सगळं घरी डिझाईन करत बसू नका. नोझलवाल्याला, टायरवाल्याला पहिल्या दिवसापासून टेबलावर बसवा, त्याला तुमचं टार्गेट दाखवा, नुसतं ड्रॉईंग पाठवून रेट मागू नका.

अंबडचा_डिझाईनर

भारी. सगळं वाचून काल रात्री पान लिहिलं, टाकतो इथे, फाडा बिनधास्त.

गिऱ्हाईक: निफाड-दिंडोरी-सटाणा पट्ट्यातला, स्वतःचा लहान ट्रॅक्टर असलेला बागायतदार. (मोठे एक्सपोर्टवाले यात नाहीत, त्यांच्याकडे दोन-दोन मशीन असतात.) त्रास: पावसानंतर मशीन बागेत जात नाही. मोजायचं काय: पाऊस थांबल्यापासून फवारणी सुरू व्हायला किती तास गेले, आणि खालच्या पानावर किती टक्के बसलं. आजचा आकडा: या पावसाळ्यात आमच्याच गिऱ्हाईकांकडे जाऊन मोजणार. पहिली ट्रायल सटाण्याला अर्ली छाटणीनंतर, दुसरी ऑक्टोबर छाटणीनंतर निफाडला. या वर्षी करायचं नाही: ड्रोन, ॲप, नवीन टाकीचे साईज. गिअरबॉक्सची गळती वेगळ्या यादीत, प्रॉडक्शनच्या काकांकडे, त्यांना टूलरूमचा माणूस आठवड्यातून दोन दिवस.

शेठना अजून दाखवलं नाही. 'करायचं नाही' वाचून मुलगा चिडणार हे नक्की.

सिन्नर_आरअँडडी

चांगलं आहे, 'करायचं नाही'ची ओळ अजिबात काढू नका, पानाचा जीव तिथे आहे. फक्त मुलाला नुसतं नाही म्हणू नका, ट्रायलचा डेटा गोळा करायचं काम त्याच्याकडे द्या. कुठल्या प्लॉटला किती पाऊस, किती तासांनी ट्रॅक्टर आत गेला, कागद किती निळा झाला, हे सगळं मोबाईलवर नोंदवायला त्याचं ॲप लागेलच. विकायला नाही, तुमच्या वापराला.

दोन गोष्टी राहिल्या. एक, एकरी पाणी कमी झालं तर नोझलची झीज आणि स्पेअरची विक्री दोन्ही बदलतील. तुमच्याकडे स्पेअरवर मार्जिन मोठं असणार, तेव्हा शेठना हे आधीच सांगा, नाहीतर मशीन तयार झाल्यावर सेल्सच त्याला आडवं येईल. दोन, वेगळं काही सुचलं तर डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनात मशीन मांडायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज टाका. एकदा लोकांसमोर ठेवलं की नवेपण गेलं. उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असलं की छोट्या कंपनीला ऑनलाईन फाईलिंगची फी १६०० रुपये आहे, वकिलाचा खर्च वेगळा, आणि पूर्ण अर्ज द्यायला १२ महिने मिळतात. तेवढ्यात तुमच्या दोन्ही ट्रायल होऊन जातात. ट्रायलचे प्लॉटवाले कोण हे पण आधी ठरवा आणि त्यांच्याकडून गुप्ततेचा साधा कागद सही करून घ्या.

पिंपळगाव_पॅकहाऊस

एक्सपोर्टवाले वगळलेत ते मला पटलं नाही. सातपूरवाले वर म्हणाले की तुमच्या धंद्यात वरून आलेला नियम नाही, पण आहे ना, युरोपची रेसिड्यू लिमिट, म्हणजे फळात औषधाचा अंश किती चालतो त्याची मर्यादा. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधावरून आपल्या द्राक्षाचे कंटेनर अडकले होते, तेव्हा काय हाल झाले ते इथल्या लोकांना विचारा. औषध नेमकं बसलं, कमी मारावं लागलं, याचा कागदावर पुरावा देणारं मशीन असेल तर एक्सपोर्टचा बागायतदार जास्त पैसे मोजेल, लहानवाला घासाघीस करेल.

सातपूर_शॉपफ्लोअर

@पिंपळगाव_पॅकहाऊस नियम आहे मान्य, पण तो द्राक्षाला आहे, ब्लोअरला नाही. क्लोरमेक्वाटची भानगड कुठलं औषध वापरलं याची होती, कसं मारलं याची नाही. आणि अडीच माणसांनी दोन गिऱ्हाईकं धरली तर परत पाच प्रॉडक्टवर येतील. एक धरा. पहिल्या ट्रायलच्या आकड्यात औषध कमी लागतंय असं दिसलं तर पुढच्या वर्षी एक्सपोर्टकडे वळायला कोणी अडवलंय.

पिंपळगाव_पॅकहाऊस

वर्षभर थांबलात तर दुसरा कोणीतरी काढेल. असो, माझं मत सांगितलं.

अंबडचा_डिझाईनर

अपडेट. आज शेठना दाखवलं. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, 'मग पाचचं काय?' मी त्यांना निफाडच्या काकांची पोस्टच वाचून दाखवली, २०१९ चं आलं तिथे गप्प झाले, त्यांच्या सासुरवाडीची बाग त्याच पावसात गेलेली. मग म्हणाले सटाण्याच्या ट्रायलपर्यंत पाचचा विषय काढणार नाही, पण नापास झालं तर ड्रोनवर बोलू. एक्सपोर्टची ओळ त्यांनी स्वतः पेनने परत घातली, प्रश्नचिन्ह टाकून. मुलगा डेटाच्या कामावर तयार आहे, चिडलाय पण तयार आहे. स्पेअरचा मुद्दा काढल्यावर मात्र सेल्स मॅनेजर खुर्चीत सरळ बसले, तो वाद अजून मिटलेला नाही.

काका, ऑक्टोबरच्या ट्रायलसाठी तुमचा प्लॉट मिळेल का?

निफाडचा_बागायतदार

मिळंल की. एक एकर काढून देतो, पण जुना ब्लोअर शेजारच्या ओळीत चालवायचा, दोन्हीचे कागद माझ्यासमोर लावायचे. अन् पाऊस पडल्यावर फोन करीन तेव्हा यायचं, रविवार आहे, सुट्टी आहे असलं चालणार नाही.

सिन्नर_आरअँडडी

काकांची अट पानावर लिहून घ्या, त्यापेक्षा चांगली ट्रायल कोणी आखून देणार नाही. आणि रिकाम्या मशीनचं वजन किती धरलंय ते सांगा, पानावर दिसलं नाही.